टास्मानियात मित्राकडे जाताना: प्राणी आणि जेवण यांच्या वेळा कशा जुळवायच्या

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया या बेटराज्यात, लॉन्सेस्टनच्या मित्राकडे आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा क्रेडल माउंटनच्या राष्ट्रीय उद्यानात पोचायला दुपारचा एक वाजला होता. सकाळी निवांत नाश्ता झाला, मग वाटेतल्या बेकरीत थांबणं झालं, मग चीज चाखणं. तिथल्या रॉनी क्रीकच्या गवतात वॉम्बॅटच्या (बिळात राहणारा, अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत प्राणी) चौकोनी लेंड्या जागोजागी पडलेल्या होत्या, वॉम्बॅट मात्र एकही दिसला नाही. संध्याकाळी सहाला जेवणाचं टेबल सांगून ठेवलं होतं म्हणून चारलाच परत फिरलो. आम्ही टेबलावर बसलो त्या सुमारास मागे त्याच गवतात वॉम्बॅट चरायला बाहेर पडले असणार.

आमच्यानंतर ओळखीतली जी जी मंडळी गेली, त्यांतल्या बहुतेकांनी हेच केलं. आधी जेवणाच्या वेळा ठरवल्या आणि उरलेल्या वेळात प्राणी शोधले. टास्मानियातले बहुतेक सस्तन प्राणी संध्याकाळी आणि रात्री हिंडतात, आणि गावातली स्वयंपाकघरं मात्र लवकर बंद होतात. म्हणून आखणी उलटी करावी लागते. ती कोणत्या क्रमाने करायची, ते इथे सांगतो.

टप्पा १: तिकीट काढण्याआधी मित्राला काय विचारायचं

पहिला प्रश्न महिन्याचा. राजधानी हॉबार्टला डिसेंबरच्या अखेरीस सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये पावणेपाचच्याही आत. या एका फरकावर तुमची सगळी संध्याकाळ ठरते. उन्हाळ्यात जेवून मग प्राणी बघायला निघायचं, हिवाळ्यात प्राणी बघून मग जेवायचं. चेरी हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारी, ह्युऑन खोऱ्यातली ताजी सफरचंदं हवी असतील तर मार्च-एप्रिल. किनाऱ्यावर येणारे छोटे पेंग्विन साधारण सप्टेंबर ते मार्च या काळात चांगले दिसतात. प्लॅटिपससाठी (बदकासारखी चोच असलेला, पाण्यात पोहणारा सस्तन प्राणी) थंडीचे महिनेही उत्तम, कारण तेव्हा तो दिवसाउजेडीही बराच वेळ पाण्यावर दिसतो.

दुसरा प्रश्न मित्राच्या सुट्टीचा. तो नोकरी करतो, तुम्ही मोकळे असता. लांबचे प्रवास त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि जवळची ठिकाणं स्वतः करा. हॉबार्टचा सलामांका बाजार फक्त शनिवारी भरतो, तेव्हा एक शनिवार शहरात राहील असं बघा.

तिसरा प्रश्न गाडीचा. मित्राची गाडी तुम्ही चालवली तर विमा लागू होतो का? प्राण्याची धडक आणि खडीचा रस्ता त्यात धरला आहे का? हे मित्राला विमा कंपनीला विचारायला सांगा. भाड्याच्या गाडीसाठीही हीच विचारणा करा.

चौथा प्रश्न हमखास राहून जातो: "तुझ्या घरामागे काय येतं?" तिथे राहणाऱ्यांना पॅडीमेलन (कांगारूचा छोटा भाऊबंद), बँडिकूट (लांब नाकाचा, उंदरासारखा प्राणी), एकिडना (काटेरी मुंगीखाऊ) यांचं अप्रूप उरलेलं नसतं, त्यामुळे ते आपणहून सांगत नाहीत. आमच्या मित्राच्या कुंपणापाशी रोज रात्री पॅडीमेलन यायचे. ते आम्हाला पाचव्या दिवशी कळलं.

तपासा: महिना, सूर्यास्ताची वेळ, मित्राच्या सुट्ट्या आणि गाडीचा विमा या चार गोष्टी एका कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: बॅग भरताना दोन तपासण्या ध्यानात ठेवा

लोकांना एकच तपासणी माहीत असते, आणि तिथेच घोळ होतो. पहिली तपासणी ऑस्ट्रेलियात उतरताना, म्हणजे बहुधा मेलबर्न किंवा सिडनीला. दुसरी टास्मानियात शिरताना, देशांतर्गत विमान असलं तरीही.

पहिल्या तपासणीत खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करायचा. पेढे, बर्फी, गुलाबजाम अशी दुधाची मिठाई भारतातून नेता येत नाही, कारण गुराढोरांच्या लाळ्या-खुरकत रोगाची त्यांना धास्ती आहे. मित्राच्या आईने कितीही प्रेमाने डबा दिला तरी तो घरीच ठेवा. मसाले आणि सुकी चटणी कंपनीच्या बंद पाकिटात न्या, आणि तेही जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू चालणारी नसेल तर ते काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलेली सापडली तर मात्र मोठा दंड होतो आणि पर्यटक व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डोंगरात वापरलेले बूट घासून, धुऊन, वाळवून न्या. तळाशी चिकटलेली मातीही जाहीर करावी लागते.

दुसरी तपासणी ताजी फळं, भाज्या, रोपं आणि बिया यांची. टास्मानियात फळमाशी नाही आणि ती येऊ नये म्हणून विमानतळावर हुंगणारी कुत्री फिरत असतात. मेलबर्नला घेतलेलं सफरचंद किंवा विमानासाठी ठेवलेलं केळं बॅगेत विसरणं ही इथली सगळ्यात जास्त घडणारी चूक. विमानातून उतरण्याआधी ते खाऊन टाका, नाहीतर विमानतळावरच्या डब्यात टाका. जिलाँगहून डेव्हनपोर्टला जाणाऱ्या बोटीने आलात तरी नियम हेच.

बॅगेत हवंच असं सामान: कपाळावर बांधायचा लाल प्रकाशाचा हेडलाइट, दुर्बीण, गडद रंगाचं उबदार जाकीट, रुंद कंप्रेशन बँडेज, तोंड घट्ट बंद होणारे डबे आणि एक चांगला थर्मास. उन्हाळा असला तरी जाकीट वगळू नका.

टप्पा ३: दिवस संध्याकाळपासून मागे आखा

हाच खरा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कागदावर आधी सूर्यास्ताची वेळ लिहा. त्याच्या दीड तास आधी ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतचा वेळ प्राण्यांसाठी बाजूला काढा. या दोन तासांत कुठलंही जेवण, खरेदी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी पोचण्याची घाई नको. दुसरा असाच तुकडा पहाटेचा. मग उरलेल्या वेळात खाणं बसवा.

उन्हाळ्यात त्याचा अर्थ असा: दुपारचं जेवण हेच दिवसाचं मुख्य जेवण. ते दीड-दोनच्या दरम्यान बाहेर, निवांत. संध्याकाळी पाच-सहाला घरी हलकं काही आणि साडेसहाला बाहेर. लहान गावांतली स्वयंपाकघरं बऱ्याचदा रात्री आठ-साडेआठलाच बंद होतात, तेव्हा प्राणी बघून आल्यावर बाहेर जेवू हा बेत उन्हाळ्यात फसतोच.

हिवाळ्यात उलट. तीनला बाहेर पडा, सव्वापाचपर्यंत बघा आणि सहाला गरम जेवायला बसा. मला विचाराल तर पोटासाठी आणि डोळ्यांसाठी हिवाळाच जास्त सोयीचा.

दोन्ही ऋतूंत चालणारा उपाय म्हणजे सकाळीच मित्राच्या स्वयंपाकघरात खिचडी किंवा सूप करून थर्मासात भरणं, आणि सगळं बघून झाल्यावर गाडीत, दारं-काचा बंद करून खाणं. मित्रालाही रात्री दहाला स्वयंपाकाला उभं राहावं लागत नाही.

सावधान: एका दिवसात एकच संध्याकाळ असते. क्रेडल माउंटन आणि पेंग्विन दोन्ही एकाच दिवशी बसवण्याचा मोह झाला, तर एक नक्की हुकतं.

टप्पा ४: कोणासाठी कुठे थांबायचं

राष्ट्रीय उद्यानांचा पास आधी काढा. एका गाडीसाठी दोन महिन्यांपर्यंत चालणारा पास मिळतो, दोनतीन उद्यानं करणार असाल तर तोच घ्या. पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायची सोय असेल तर येताना आणि जाताना दोन्ही वेळा वापरा. मुळं कुजवणारी बुरशी आणि बेडकांचा रोग मातीतून आणि चिखलातून पसरतो.

वॉम्बॅट: क्रेडल माउंटनचं रॉनी क्रीक. लाकडी वाटेवरूनच चाला, गवतात उतरू नका. शटल बसने गेलात तर शेवटच्या बसची वेळ चढतानाच चालकाला विचारा. वॉम्बॅट तुमच्या दिशेने आला तर बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. मरिया बेटावर डार्लिंग्टनच्या आसपास ते दुपारनंतर उजेडातही दिसतात. ज्यांना अंधारात हिंडणं जमत नाही, त्यांनी तिकडे जावं. ट्रायाबनाहून बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. बेटावर दुकान अजिबात नाही, म्हणून जेवण सोबत न्यायचं आणि कचरा परत आणायचा.

प्लॅटिपस: इथे संयमाची परीक्षा असते. लॅट्रोबजवळचं वॉरावी, बर्नीचं फर्न ग्लेड, गीव्हस्टनची नदीकाठची वाट ही बसायला चांगली ठिकाणं. संथ पाणी निवडा आणि पाण्यावर बुडबुडे किंवा गोल लहरी उठतात का ते बघत राहा. तो वर येतो, थोडे क्षण चघळतो, पुन्हा बुडी मारतो. तुम्हाला जागा बदलायची असेल तर तो पाण्याखाली असतानाच हला, वर आला की थिजून उभे राहा. बहुतेक लोक दहा मिनिटांत कंटाळून उठतात. किमान पाऊण तास द्या. आणि त्याला हात लावायचा विचारही नको, नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो.

छोटे पेंग्विन: डेव्हनपोर्टजवळचा लिलिको किनारा किंवा ब्रूनी बेटावरचा नेक. अंधार पडण्याआधी जागेवर बसा आणि शेवटचा पक्षी बिळात जाईपर्यंत उठू नका. फक्त लाल प्रकाश, फ्लॅश नाही. पेंग्विन समुद्रातून बिळाकडे जातात, त्या वाटेत उभं राहिलात तर ते पाण्यात परत फिरतात आणि पिल्लं उपाशी राहतात. ब्रूनीसाठी एक इशारा: केटरिंगला परत येणारी शेवटची बोट उन्हाळ्यात बहुतेक दिवस अंधार पडायच्या आतच सुटते. पेंग्विन बघायचे असतील तर रात्रीचा मुक्काम बेटावरच करा.

टास्मानियन डेव्हिल (काळा, लहान कुत्र्याएवढा मांसाहारी प्राणी): जंगलात दिसला तर नशीब. १९९६ मध्ये प्रथम आढळलेल्या चेहऱ्याच्या संसर्गजन्य कर्करोगाने त्यांची संख्या फार घटली. त्याच्यासाठी ब्रायटनजवळचं बोनोराँग किंवा मोल क्रीकजवळचं ट्रोउना अशा अभयारण्यात जा, आणि खाऊ घालण्याच्या वेळा विचारून जा. त्या वेळेबाहेर तो बहुधा झोपलेलाच दिसेल.

टप्पा ५: अंधारात गाडी चालवताना

टास्मानियाच्या रस्त्यांवर मेलेले प्राणी इतके दिसतात की मन खट्टू होतं. सूर्यास्तानंतर ताशी ६५ किलोमीटरच्या वर जाऊ नका. समोर वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) आली तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. माणसं दगावतात ती झाडावर आदळून. एक ओलांडून गेली की मागून दुसरी येते असंच धरून चाला.

धडक बसलीच, किंवा वाटेत मेलेली मादी दिसली, तर सुरक्षित जागी थांबून पोटाची पिशवी बघा. आत पिल्लू जिवंत असू शकतं. ते ओढून काढू नका, वन्यजीव बचाव सेवेला फोन करा. त्यांचा नंबर मित्राकडून आधीच मोबाइलमध्ये साठवून घ्या.

टप्पा ६: काय खायचं आणि कसं मागवायचं

सुरुवात स्कॅलप पायने करा. पाय म्हणजे सारण भरून भाजलेली खुसखुशीत बंद वाटी, आणि स्कॅलप म्हणजे शिंपल्यातलं पांढरं मऊ मांस. आत पिवळसर 'करी'ची दाट ग्रेव्ही असते. करी या शब्दावरून तिखटाची अपेक्षा ठेवू नका, ती सौम्य असते. मात्र आतलं सारण चटका बसेल इतकं गरम असतं, तेव्हा कडेला छोटं भोक पाडून वाफ जाऊ द्या.

नुसतं 'मीट पाय' मागितलं तर ते बहुधा बीफचं येतं. बीफ खात नसाल तर आधी विचारा. ऑयस्टरच्या (कालवांच्या) यादीत 'किलपॅट्रिक' दिसलं तर त्यावर बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं. कच्चे ऑयस्टर पहिल्यांदाच खाणार असाल तर डझन मागवू नका, दोन घ्या, लिंबू पिळा, चावून खा. न चावता गिळलं तर चव कळत नाही.

वॉलबीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. आपल्या सवयीने ते पूर्ण शिजवलं की चामड्यासारखं होतं. मध्यभागी गुलाबी असतानाच उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवायचं. संध्याकाळी जिला बघितलं तिचंच मांस ताटात नको वाटेल, तर तसं मित्राला आदल्या दिवशी सांगा. त्याने स्वयंपाक केल्यावर नाही म्हणण्यापेक्षा ते बरं.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये. लेदरवूडचा मध पश्चिमेकडच्या पावसाळी जंगलातल्या झाडांचा. त्याचा वास उग्र, जवळजवळ अत्तरासारखा असतो. चहात घालून तो वाया घालवू नका, पावाला लोणी लावून त्यावर पातळ थर द्या. पेपरबेरी हा तिथला डोंगरी मिरीचा दाणा. आधी गोडसर लागतो, मग जीभ बधिर करतो. एकाच दाण्यापासून सुरू करा. रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या असतात, तिथे विकणारा नसतो, फक्त पैशांची पेटी असते. सुटी डॉलरची नाणी जवळ असू द्या.

टिप देणं बंधनकारक नाही. आणि कुणी जेवायला बोलावताना 'ब्रिंग अ प्लेट' म्हटलं तर रिकामी ताटली घेऊन जाऊ नका, एक पदार्थ करून न्यायचा असतो.

सावधान: किनाऱ्यावरचे शिंपले स्वतः गोळा करून खाऊ नका. शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. डरवेंट नदीच्या खाडीतले तर मुळीच नकोत, तिथे जड धातूही आहेत. दुकानातले शिंपले आणि ऑयस्टर तपासणीतून आलेले असतात. मित्रासोबत समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, पण नदी-तळ्यासाठी आणि लॉबस्टर किंवा ॲबलोनसाठी (एक मोठा समुद्री शंख) लागतो. माशांच्या मापाचे आणि संख्येचे नियम त्या आठवड्यातले बघून घ्या, ते बदलत असतात.

टप्पा ७: तुमचं खाणं प्राण्यांपर्यंत पोचू देऊ नका

पूर्वेकडच्या फ्रेसिने राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर वॉलबी अगदी जवळ येते आणि पुढचे दोन पाय जोडल्यासारखे करून बघते. मुलांचा हात आपोआप पावाकडे जातो. तो थांबवा. पावासारख्या मऊ खाण्याने त्यांच्या जबड्याला जंतुसंसर्ग होतो, जबडा सुजतो, आणि शेवटी त्यांना चरताच येत नाही. मी मुलांना हे कारण आधीच, घरातून निघताना सांगतो. तिथे गेल्यावर नुसतं 'नको' म्हटलं तर ते ऐकत नाहीत.

क्रेडलच्या भागातले काळे करावाँग पक्षी चोचीने बॅगेची चेन उघडतात. बॅग खाली ठेवून फोटो काढायला गेलात की डबा गेला. रात्री पॉसम (झाडावर राहणारे, मांजराएवढे प्राणी) खाण्याची पेटी उघडतात, तेव्हा ती व्हरांड्यात ठेवू नका, गाडीत कुलूपबंद ठेवा. सफरचंदाचा गाभा, केळीचं साल, हाडं यांपैकी काहीही गाडीतून बाहेर फेकू नका. ते खायला प्राणी रस्त्यावर येतो आणि पुढच्या गाडीखाली जातो.

तपासा: बसलेली जागा सोडताना गुडघ्यावर बसून गवतात एकदा बघा. तुकडे उभ्याने दिसत नाहीत.

टप्पा ८: चावलं किंवा डसलं तर

टास्मानियात सापाच्या तीनच जाती आहेत: टायगर, कॉपरहेड आणि व्हाइट-लिप्ड. तिन्ही विषारी, आणि तिघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप ओळखत बसायची गरज नाही. चावल्यावर जखम धुऊ नका, कापू नका, चोखू नका. दंशापासून सुरू करून संपूर्ण हात किंवा पाय घट्ट बँडेजने गुंडाळा, काठी बांधून तो स्थिर करा, माणसाला एक पाऊलही चालवू नका आणि ००० ला फोन करा.

जास्त लोकांना भेटते ती जॅक जंपर मुंगी. काळी, पाय पिवळट-केशरी, उड्या मारत चालते. जेवायला सतरंजी टाकण्याआधी जमीन नीट बघा. डंखानंतर अंगभर पित्त उठलं, श्वास लागला किंवा चक्कर आली तर वेळ घालवू नका, तिथेही ००० च.

टप्पा ९: निघताना

शिंपले, पिसं, हाडं, दगड राष्ट्रीय उद्यानातून उचलून आणू नका, ते नियमाविरुद्ध आहे. मध घेतला असेल तर तो मोठ्या बॅगेत टाका. परदेशी विमानात हातातल्या बॅगेतून १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली जाऊ देत नाहीत. परतीच्या वाटेवर पर्थला उतरून थोडे दिवस थांबणार असाल तर मध घेऊच नका, पश्चिम ऑस्ट्रेलियात तो नेता येत नाही. उघडलेल्या बरण्या, उरलेली पेपरबेरी, अर्धं चीज हे सगळं मित्राच्या फ्रिजमध्ये ठेवा. लाल हेडलाइटही त्याच्याकडेच राहू द्या, कुंपणापाशी येणारे पॅडीमेलन बघायला तो त्याला लागेल.